जनुक आणि रवी

२,२८४. भारतीय उपखंडातले इतके डीएनए नमुने तपासणारा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मोठेपणी दूध पचवू देणारा जनुकीय बदल इथे किती आढळतो? सरासरी सुमारे १० टक्के. वायव्येला जास्त, आग्नेयेकडे उतरत जाणारा. हा हिशेब जनुकाच्या प्रतींचा. प्रत्येकाकडे दोन प्रती असतात आणि त्यांतली एक बदललेली असली तरी भागतं. म्हणजे माणसं धरली तर ढोबळमानाने १९ टक्के, पाचांत एक. आयर्लंडमध्ये दहांत नऊ.

तान्ह्या बाळाच्या आतड्यात दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज हे विकर भरपूर असतं. अंगावरचं दूध सुटलं की बहुतेकांत ते कमी होत जातं. त्याच्या जनुकाच्या १३,९१० अक्षरं आधी एका ‘सी’च्या जागी ‘टी’ आला, तर ते टिकतं. गुरं पाळणाऱ्या समाजांत असे लोक अधिक तगले, त्यांचा वंश वाढला. पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांत हेच काम जवळच्या दुसऱ्याच बदलाने केलं. भारतात आढळतो तो मात्र युरोपातलाच, एकाच पूर्वजाकडून आलेला.

मग दावणीला म्हैस असलेल्या सातारा-सांगलीत या बदलाची निकड किती होती? मला वाटतं, ती रवीने बरीच कमी केली. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गवळी धनगरांवर माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी १९८२ साली लिहिलं. दूध विरजायचं, पहाटे घुसळायचं, लोणी खाली गावात देऊन धान्य आणायचं, ताक घरच्यांना. विरजणातले जिवाणू साखरेचा काही वाटा आधीच संपवतात, तुपात तर ती जवळपास उरतच नाही. पोटाचं काम मडक्यात झालं. माण-आटपाडीकडची खिलार गाय औताच्या बैलांसाठी पाळलेली. तिचं दूध आधी वासराचं.

नुसत्या दुधाचा पेला अलीकडचा. भिलवडीत चितळ्यांनी १९३९ साली दुग्धव्यवसाय सुरू केला. पुढे सहकारी संघ आले, संकरित गाई आल्या, गावोगावी फॅट मोजणारी संकलन केंद्रं झाली. एवढ्या काळात पिढ्या तीन-चार, आणि जनुकाला हजारो वर्षं लागतात. म्हणून दूध पिऊन पोट गुबारणाऱ्या पोराला ‘नखरे करतोस’ म्हणणं अन्यायाचं आहे. २५० मिलिलिटरच्या पेल्यात साधारण १२ ग्रॅम साखर असते. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना तेवढी, विशेषतः जेवणाबरोबर, सोसते. ज्याला नाही सोसत, त्याच्या ताटात दह्याची वाटी ठेवावी.