शिट्टी का वाजली, ते सांग की!

सेकंड इयरला असताना आमच्याच कॉलेजच्या मैदानावर मुलींची आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा होती. माईकवर बोलणारे सर काही वेळेवर आले नाहीत. मी गुडघ्याला पट्टी बांधून कडेला बसलेली, मग काय, माईक आला माझ्या हातात. पहिली दहा मिनिटं मी नुसती नावं आणि गुण वाचत होते. 'दहा-आठ. बारा-आठ.' टाळ्यासुद्धा वाजेनात. तेवढ्यात कुठल्यातरी खेळाडूला न्यायला आलेले एक काका, एसटीच्या खाकी गणवेशातच, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "पोरी, गुण तर फळ्यावर दिसायलेत. शिट्टी का वाजली ते सांग की!"

मग मी सांगितलं. समोरच्या रिंगखाली जो रंगवलेला चौकोन आहे ना, त्यात हल्ला करणाऱ्या टीमच्या खेळाडूला सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. थांबली की शिट्टी, आणि चेंडू दुसऱ्या टीमकडे. पुढची शिट्टी वाजली तेव्हा लोक पंचांकडे न बघता माझ्याकडे बघायला लागले. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत मागे बसलेल्या दोन मावश्या स्वतःच मोठ्यानं 'एक, दोन, तीन' मोजत होत्या.

या कामाला जगात नाव आहे, पगार आहे आणि त्यावर आख्खं करिअर होतं, हे मला मास कॉमला आल्यावर कळलं. टीव्हीवर सामना बघताना दोन आवाज असतात. एक निवेदक, तो काय झालं ते सांगतो. दुसरा विश्लेषक, तो का झालं ते सांगतो. त्या काकांना दुसरा हवा होता.

हे काम बायकांनी कुठून कुठवर नेलं, ते बघायचं तर अमेरिकेतलं मुलींचं कॉलेज बास्केटबॉल बघावं लागतं. डॉरिस बर्क प्रॉव्हिडन्स कॉलेजकडून पॉइंट गार्ड म्हणून खेळली. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू हातात घेऊन बाकी चौघींना जागा दाखवणारी. खेळणं संपल्यावर ती काही काळ तिथंच सहायक प्रशिक्षक होती. १९९० मध्ये आपल्याच कॉलेजच्या मुलींच्या सामन्यांचं विश्लेषण तिनं सुरू केलं. तिथून सुरुवात करून २०१७ मध्ये ती पुरुषांच्या एनबीएची पूर्णवेळ विश्लेषक झाली आणि २०२४ मध्ये एनबीएची अंतिम मालिका टीव्हीवर उलगडून सांगणारी पहिली बाई ठरली. मधे किती वर्षं गेली ते मोजा. चौतीस.

त्याच २०२४ च्या एप्रिलमध्ये मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलची फायनल झाली. साउथ कॅरोलायनानं केटलिन क्लार्कच्या आयोवाला ८७-७५ असं हरवलं. अमेरिकेत हा सामना सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. मुलांच्या फायनलला १ कोटी ४८ लाख होते. मुली पुढे गेल्या, आणि असं पहिल्यांदाच घडलं. त्या सामन्याची विश्लेषक होती रिबेका लोबो. १९९५ मध्ये एकही सामना न हरता विजेती ठरलेल्या कनेटिकटच्या टीमची ती खेळाडू. म्हणजे त्या कोर्टवर शेवटच्या मिनिटाला पोटात गोळा येतो तेव्हा काय होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

काम मात्र सोपं नाही. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे बोलायला निवांत वेळ असतो. बास्केटबॉलमध्ये आंतरराष्ट्रीय नियमानं २४ सेकंदांत रिंगकडे चेंडू टाकावाच लागतो, अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींना ३० सेकंद मिळतात. बास्केट झाली की लगेच दुसरी टीम पळत सुटते. विश्लेषकाला मिळतात चार-पाच सेकंद. तेवढ्यात एकच गोष्ट सांगायची, आणि ती चेंडूपासून लांब घडलेली असते. बास्केट टाकणारी तर सगळ्यांनाच दिसते. तिच्यासाठी वाट मोकळी करणारी दाखवायची असते. त्यासाठी आधीचे सामने बघायचे, सराव बघायला जायचं, प्रशिक्षकांशी बोलायचं आणि प्रत्येक खेळाडूबद्दल टिपणं काढायची. त्यातली बरीचशी टिपणं तशीच घरी परत येतात, कारण सामना आपल्या टिपणांप्रमाणे चालत नाही.

आपल्याकडे हे नवीन आहे असं मात्र नाही. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीत घराघरांत पोचवलं. नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंची मुलगी चंद्रा नायडू हिनं १९७७ मध्ये इंदूरला मुंबई विरुद्ध एमसीसी सामन्याचं समालोचन केलं. भारतातली पहिली महिला क्रिकेट समालोचक म्हणून तिचंच नाव घेतात. २०२३ च्या आयपीएलला जिओसिनेमावर मराठी समालोचन होतं. तिथं केदार जाधव बोलत होता, आणि मोसमाच्या मधेच बंगळुरूनं त्याला चक्क खेळायला बोलावून घेतलं. (विश्लेषकाचं याहून भारी प्रमोशन काय असेल!)

पण हे सगळं क्रिकेट. २०१७ च्या जुलैमध्ये बंगळुरूला भारतीय मुलींनी आशिया कपच्या 'ब' गटाच्या फायनलमध्ये कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं आणि वरच्या गटात गेल्या. त्या टीममध्ये पुण्याची शिरीन लिमये होती, पुढे ती भारताची कर्णधारही झाली. दोन गुणांनी जिंकलेला सामना! त्यातलं एकेक मिनिट कुणीतरी मराठीत उलगडून सांगितलं असतं, तर आमच्या कॉलेजातल्या पोरींनी ते पाठ केलं असतं. शब्द नाहीत म्हणावं तर तसंही नाही. 'स्क्रीन लाव' असं आम्ही कधी म्हटलंच नाही, कोर्टवर आम्ही 'आड हो, आड हो' ओरडायचो आणि समोरचीला आपोआप अडवलं जायचं.

जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला वर्ल्ड कप टीव्हीवर लागला तेव्हा आमच्या घरी याची गंमत झाली. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची आपल्या केज तालुक्यातली. आजीला खो-खो कुणी शिकवायची गरज नाही. पाटीवर बसलेल्या मुलीला खो उशिरा मिळाला की ती टीव्हीतल्या माणसाच्या आधी सांगायची. फायनलला पहिल्याच डावात नेपाळवर ३४-० झालं तेव्हा तर ती उठून उभी राहिली. पण 'ड्रीम रन' शब्द आला आणि ती अडली. पळणाऱ्या तिघींच्या तुकडीनं तीन मिनिटांपेक्षा जास्त तग धरला, की बचाव करूनही गुण मिळतात, असं मी सांगितलं. आजी म्हणाली, "मग बरंय. आमच्या वेळी नुसता दम लागायचा." आपण ७८-४० नं जिंकलो.

आमच्या बास्केटबॉल टीमची पॉइंट गार्ड सध्या पोलीस भरतीची तयारी करतेय. रोज पहाटे ८०० मीटरचं टायमिंग लावते. पदवी संपली आणि तिचा चेंडू सुटला, माझाही. खेळ तिच्याइतका कळणारं माणूस मी बघितलेलं नाही, पण तिला त्याबद्दल कुणी विचारत नाही. परवा तिच्या रूमवर मी एका ज्युनिअरनं मोबाईलवर शूट केलेला आमचा शेवटचा सामना लावला. तो आम्ही दोन गुणांनी हरलो होतो. शेवटच्या मिनिटाला माझ्यावर फाउल दिला गेला आणि समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळाले. वर्षभर मी सगळ्यांना सांगत आलेय की पंचांनी आमचा सामना घालवला.

"थांब. मागं घे," ती म्हणाली. मी मागं घेतलं. "आता चेंडू बघू नको, तुझे पाय बघ."

मी बघितलं.

"तू हात टाकलास, कारण उशिरा पोचलीस. उशिरा का पोचलीस? त्यांची सात नंबर तुझ्या पाठीमागून निघाली आणि तू चेंडूकडं बघत उभी होतीस. आडवी आलेली ती चार नंबर दिसती का? तिच्यामुळं तुला वळसा पडला. शिट्टी बरोबरच होती."

पहाटे पाचला मैदानावर जायचं म्हणून ती लाईट बंद करून झोपली. मी आवाज म्यूट करून तो व्हिडिओ आणखी तीनदा बघितला.