सिग्नलला बंद पडणारी पद्मिनी

कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन ‘मिसिंग’ करू लागलं, सिग्नलला बंद पडू लागलं, की बहुतेक जण आधी कार्ब्युरेटर उघडतात. ही घाई चुकीची आहे. सुरुवात ठिणगीपासून करावी.

डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट प्रत्येक ठिणगीसाठी एकदा उघडतात. चार सिलिंडरचं हे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पॉइंट ६००० वेळा उघडतात! एवढ्या उघडझापीत ते जळतात, झिजतात. त्यांच्यातली फट जेमतेम अर्धा मिलिमीटर; ती बदलली की ठिणगीची वेळही सरकते. नवे पॉइंटही लगेच काळे पडत असतील, तर कंडेन्सर बदला.

मग प्लग काढून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय.

वेगात गाडी छान पळते आणि फक्त आयडलिंगला बंद पडते? मग कार्ब्युरेटरवर संशय घ्यायला हरकत नाही. आयडल जेटचं बारीक छिद्र कचऱ्याच्या एका कणानेही तुंबतं. किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून जादा हवा आत शिरते. कान दिलात तर फुसफूस ऐकू येते. भर उन्हात बंद पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर नळीत पेट्रोलची वाफ झालेली असू शकते.

आणि हो, इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर खराब होतं. पेट्रोलच्या नळ्या एकदा तपासून घ्याच. गळती लागली तर आगीचा धोका असतो.