अडगळीतली किल्ली

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी टेबलावरचा जुना कॉम्प्युटर दोनदा साफ केला. आधी बाहेरून. सगळ्या वायरी काढल्या, कॅबिनेट गच्चीवर नेऊन उघडलं, पंख्याच्या पात्यांवरची धूळ ब्रशने झाडली. मग आतून. साफसफाई करणारं एक फुकट सॉफ्टवेअर चालवलं. त्याने काही शे ‘निकामी नोंदी’ आणि ‘जुन्या फाइली’ शोधून यादी समोर ठेवली आणि मी सगळ्या काढायला सांगितल्या. संध्याकाळी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम उघडायला गेलो, तर पडद्यावर एकच ओळ आली: लायसन्स सापडत नाही.

हा कॉम्प्युटर मिरजेच्या एका छापखान्यातून माझ्याकडे आला. छापखाना चालवणाऱ्या काकांनी काम थांबवलं तेव्हा यंत्र मला विकलं आणि प्रोग्रॅमचं लायसन्सही रीतसर लिहून दिलं. मला हवं होतं ते त्यातलं सामान: कित्येक वर्षांच्या लग्नपत्रिका, जत्रांची हँडबिलं, वाचनालयाचे वार्षिक अहवाल. म्हणून विंडोज ७ आणि काकांचं खातं मी जसंच्या तसं ठेवलं होतं. या फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडल्या तर मराठी दिसतच नाही. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवत. एका जागी काना, दुसरीकडे अर्धा ‘क’, तिसरीकडे रफार. तो फाँट आणि तो प्रोग्रॅम नसेल तर अख्खी लग्नपत्रिका इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि कंस यांचा काला होऊन समोर येते. नवरा-नवरीची नावं त्यातच असतात, फक्त वाचता येत नाहीत.

‘सापडत नाही’ हे वाचल्यावर मनात पहिला प्रश्न आला तो असा: मग ते होतं तरी कुठे?

प्रोग्रॅम म्हणजे सीडीवरून यंत्रात उतरवलेली एक वस्तू, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो नव्या गावात राहायला आलेल्या बिऱ्हाडासारखा असतो. सामान एका घरात, पण नाव रेशनच्या वहीत, टपालवाल्याच्या डोक्यात, किराणावाल्याच्या खात्यात. विंडोजमध्ये अशा नोंदींची मोठी वही म्हणजे रजिस्ट्री. आधी प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या आवडीनिवडी छोट्या मजकूर-फाइलींत ठेवायचा. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये रजिस्ट्रीचं छोटंसं रूप आलं आणि विंडोज ९५पासून सगळा कारभार तिच्यावर गेला.

रजिस्ट्रीच्या फाइलींना ‘हाइव्ह’ म्हणजे पोळं म्हणतात आणि आतल्या कप्प्यांना ‘सेल’. मायक्रोसॉफ्टमधले जुने अभियंते रेमंड चेन यांनी याचं कारण सांगितलं आहे. विंडोज एनटी घडवणाऱ्यांपैकी एकाला मधमाश्या अजिबात आवडत नसत, म्हणून रजिस्ट्री लिहिणाऱ्या सहकाऱ्याने जमतील तितक्या ठिकाणी मधमाश्यांचे शब्द पेरले. आज जगातल्या प्रत्येक विंडोज यंत्रात ती थट्टा जिवंत आहे.

पोळ्यात डोकावलं की पहिल्यांदा दिसतात महिरपी कंसातल्या ३२ चिन्हांच्या ओळी. आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं. ही प्रोग्रॅमच्या भागांची ओळखपत्रं. प्रत्येक ओळखपत्र १२८ बिट्सचं, आणि १२८ बिट्समधून होणाऱ्या वेगवेगळ्या संख्या मोजायच्या तर उत्तर ३९ आकडी येतं. म्हणून पुण्यातला प्रोग्रॅमर आणि पेरूमधला प्रोग्रॅमर एकमेकांना न विचारता, कुठल्याही कचेरीत नोंद न करता आपापली ओळखपत्रं बनवतात आणि ती एकमेकांशी जुळून येण्याची भीती जवळजवळ उरत नाही. मला हे फार थोर वाटतं. पण उघड्या डोळ्यांना ती ओळ निव्वळ बडबड दिसते.

साफसफाईच्या सॉफ्टवेअरलाही ती तशीच दिसते. त्याची रीत अशी: नोंद वाचायची, तिने दाखवलेली फाइल जागेवर आहे का पाहायचं, नसेल तर नोंद अनाथ ठरवायची. ऐकायला हे रास्त आहे. पण ती फाइल काढून ठेवलेल्या पेनड्राइव्हवर असू शकते, किंवा नोंद कुठल्याच फाइलकडे बोट दाखवत नसेल, कारण नोंद हाच मजकूर असेल. आणि इतकी जोखीम घेऊन हाती काय येतं? रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात. त्यांतल्या काही शे काढल्याने यंत्राचा वेग वाढल्याचं मला कधी जाणवलेलं नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टनेही लिहून ठेवलं आहे.

लायसन्सची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. ते लिहिणाऱ्याला दोन गोष्टी साधायच्या असतात: यंत्राला ते सापडलं पाहिजे आणि कॉपी करू पाहणाऱ्याला सापडता कामा नये. म्हणून तो ते मुद्दाम निरर्थक दिसेल असं लिहितो. नावात अर्थ नाही, आत वाचण्यासारखं काही नाही, तारीख जुनी, जागा अडगळीची. म्हणजे एक माणूस मौल्यवान वस्तू कचऱ्यासारखी दिसावी म्हणून झटतो आणि दुसरा कचऱ्यासारखं दिसेल ते उचलून टाकतो. माझ्या टेबलावर त्या दिवशी या दोघांची गाठ पडली.

ही लपवाछपवी कुठवर जाते याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. यंत्र सुरू होताना तो आधी वाचला जातो. पहिला विभाग सुरू व्हायचा त्रेसष्ट सेक्टर सोडून, त्यामुळे मधले ६२ सेक्टर, म्हणजे ३१ किलोबाइट जागा, रिकामी राहायची. ती कुठल्याच फाइलच्या मालकीची नाही, फोल्डरमध्ये दिसत नाही, फॉरमॅट केलं तरी तशीच राहते. फ्लेक्सनेट या लायसन्स सांभाळणाऱ्या यंत्रणेने आपली खूण तिथे ठेवली. आता लिनक्स सुरू करणारा ‘ग्रब’ हा प्रोग्रॅमही त्याच पट्टीत राहतो. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांची पंचाईत झाली. विंडोजमध्ये महागडा प्रोग्रॅम उघडायचा, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरूच व्हायचं नाही, कारण ग्रबच्या मधोमध कुणीतरी स्वतःची खूण लिहून गेलेलं असायचं.

ग्रब लिहिणाऱ्यांनी यावर दोन उपाय केले. फ्लेक्सनेटची खूण ओळखून तेवढा सेक्टर सोडून द्यायचा, हा पहिला. दुसरा उपाय १९६०चा आहे. अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी एक गणित मांडलं: मजकुरासोबत थोड्या जादा संख्या अशा लिहायच्या, की मजकुराचा एखादा तुकडा नष्ट झाला तरी उरलेल्यावरून तो पुन्हा काढता यावा. ओरखडे पडलेली सीडी या गणिताने गाते. वाण्याच्या गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड थोडासा फाटला तरी पैसे पोहोचतात, तेही यामुळेच. ग्रबने तेच गणित स्वतःच्या शरीरात घातलं. कुणी मधला तुकडा पुसला, तर यंत्र सुरू होता होता तो स्वतःला पुन्हा जुळवून घेतो.

माझ्या प्रोग्रॅमकडे असलं काही नव्हतं. पण एक गोष्ट माझ्या बाजूने होती. पुसलेलं लगेच जात नाही.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली म्हणजे विंडोज फक्त तिच्या नोंदीवर ‘ही जागा मोकळी’ असं लिहितं. मजकूर तसाच पडून असतो, दुसरं कुणी तिथे राहायला येईपर्यंत. अगदी लहान फाइल असेल, साधारण सातशे बाइटपर्यंतची, तर तिला वेगळी जागा मिळतच नाही. एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची १०२४ बाइटची नोंद असते आणि एवढीशी फाइल त्या नोंदीच्या पोटातच मावते. नाव आणि माणूस एकाच चिठ्ठीवर. लायसन्सच्या फाइली पुष्कळदा एवढ्याच लहान असतात. एसएसडी असती तर ही आशा धरता आली नसती. तिथे मोकळी झालेली जागा यंत्र स्वतःहून रिकामी करत जातं.

म्हणून मी हात आवरले. नवीन काही उतरवलं नाही, प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल केला नाही. अशा वेळी लोक पहिल्यांदा तेच करतात आणि जुन्या खुणांवर नव्या खुणा लिहून बसतात. सॉफ्टवेअरने नोंदी काढण्याआधी त्यांची एक प्रत ठेवली होती, ती परत घातली. संदेश मात्र बदलला. आता तो म्हणाला: तारखेत गडबड आहे.

पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं, तर २००९ साल!

हा पहिल्या साफसफाईचा परिणाम होता. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची: वीस मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, तीन व्होल्टची. तिच्यावर एक चिमुकलं घड्याळ चालतं. त्यातला क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे दोनचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक ठोका उरतो, एक सेकंद. जुन्या यंत्रातली ही बॅटरी बहुधा मेलेली असते, पण प्लग भिंतीत आहे तोवर घड्याळाला तिथून वीज मिळत राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मी कॅबिनेट गच्चीवर नेलं आणि घड्याळ थांबलं. लायसन्सने आपण शेवटचं कधी चाललो ते लिहून ठेवलेलं असतं. आजची तारीख त्याच्या आधीची दिसली, की कुणीतरी मुदत लांबवायला घड्याळ मागे फिरवतंय, असा त्याचा समज होतो. नवी बॅटरी बसवली, तारीख लावली. पुन्हा पहिला संदेश: लायसन्स सापडत नाही.

मग प्रोसेस मॉनिटर उघडलं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी लिहिलेलं हे साधन मायक्रोसॉफ्ट फुकट देतं. दुसरा प्रोग्रॅम काय वाचतो, काय लिहितो, कुठे हात घालतो, ते सगळं ते ओळीओळीने दाखवतं. आयकॉनवर दोनदा क्लिक केल्यापासून खिडकी उमटेपर्यंत हजारो ओळी वाहून गेल्या. एवढ्याशा वेळात प्रोग्रॅम फाँट तपासतो, प्रिंटर विचारतो, भाषा पाहतो, एकच गोष्ट चार ठिकाणी शोधतो. मी फक्त ‘नाव सापडलं नाही’ असं उत्तर मिळालेल्या ओळी ठेवल्या. त्याही शेकड्याने होत्या, कारण धडधाकट प्रोग्रॅमही सतत नसलेल्या गोष्टी विचारत असतो. म्हणून शेवटून वर वाचत गेलो. तो संदेश उमटायच्या अगदी आधी प्रोग्रॅमने प्रोग्रॅमडेटा या लपलेल्या फोल्डरात एक फाइल मागितली होती. नावात आठ अक्षरं, कशाचाही अर्थ लागू नये अशी. ती मिळाली नाही म्हणून त्याने पुन्हा मागितली. तीनदा. मग हात टेकले.

त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘आधीच्या आवृत्त्या’ उघडल्या. विंडोज ७ मधूनमधून साऱ्या ड्राइव्हचं सावलीचित्र घेऊन ठेवतं. ते घेताना काहीच कॉपी करत नाही, ही त्यातली खुबी. पुढे कधी डिस्कवरचा १६ किलोबाइटचा एखादा ठोकळा बदलायची वेळ आली, की बदलण्याआधी फक्त तेवढा जुना ठोकळा बाजूला ठेवतं. जे बदललं नाही ते जागेवर आहे, जे बदललं त्याचं जुनं रूप बाजूला आहे, आणि दोन्ही मिळून मागच्या आठवड्यातला अख्खा ड्राइव्ह उभा राहतो. त्या सावलीत ती आठ अक्षरांची फाइल होती, चारशे बाइटच्या आसपासची. ओढून जागेवर ठेवली.

प्रोग्रॅम उघडला. पहिली फाइल उघडली ती एका लग्नपत्रिकेची. डॉलर आणि कंस गेले आणि ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ सरळ, ठसठशीत उमटलं, वेलांटी जिथल्या तिथे.

लगेच सगळ्या डिस्कची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवली. हक्काने प्रोग्रॅम बाळगणाऱ्याला नुकसान होऊ नये म्हणून प्रत करून ठेवता येते; आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ तशी मुभा देतं.

रजिस्ट्री बंद करण्याआधी एका नोंदीपाशी थांबलो. ‘यूजर असिस्ट’ तिचं नाव. कुठला प्रोग्रॅम किती वेळा उघडला, ते विंडोज तिथे लिहीत असतं, आणि प्रोग्रॅमची नावं प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे सरकवून लिहितं. एनच्या जागी ए, ओच्या जागी बी. शाळेत बाकावरून फिरणाऱ्या चिठ्ठ्यांची लिपी, थेट पोळ्याच्या आत. साफसफाईतून ही नोंद कशी कोण जाणे वाचली होती. कागद घेऊन अक्षरं उलटी सरकवली, अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमचं नाव सापडलं आणि शेजारचा आकडा वाचला.

काकांना फोन लावला. “काका, हा प्रोग्रॅम तुम्ही एकूण किती वेळा उघडला असेल?”

“अरे, ते कोण मोजतंय?”

“यंत्राने मोजलंय. तीन हजार एकशे सत्त्याऐंशी. त्यात आजचे माझे धरलेत.”

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, “त्यात आमच्या सुमनच्या लग्नाची पत्रिका आहे का, बघ बरं.”