जागल्याच्या पाठीशीं कोण?

वर्धा जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांत, बोर धरणाच्या बाजूस, हिंगणी नांवाचें गांव आहे. अशा गांवांतून पूर्वीं रात्रीची राखण करण्यास एक माणूस नेमलेला असे. महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं त्याला जागल्या म्हणत; कोठें कोठें तें काम कोतवालाकडे असे. जागल्याचें काम सांगावयास सोपें होतें. सारें गांव निजलें असतां आपण जागें राहावयाचें आणि चोराची चाहूल लागतांच आरोळी ठोकावयाची. परंतु त्याची खरी कसोटी आरोळीनंतर लागे. चोर परगांवचा असला तर सर्व गांव काठ्या घेऊन धांवून येई. चोर गांवांतलाच, आणि त्यांतूनहि वजनदार घराण्यांतला निघाला, म्हणजे दुसऱ्या दिवशीं जागल्याच एकटा पडे.

जो मनुष्य आपल्याच कचेरींतील वा धंद्यांतील गैरव्यवहार लोकहितासाठीं उघड करतो, त्याला इंग्रजींत व्हिसलब्लोअर म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांनीं त्याला जागल्या हेंच जुनें नांव दिलें आहे, आणि तें अगदीं यथार्थ आहे. वर्तमानपत्राचें स्वातंत्र्य म्हणजे संपादकाचें स्वातंत्र्य, अशी सामान्य समजूत असते. वास्तविक संपादक कांहीं सर्वज्ञ नसतो. कोणी कारकून, कोणी अभियंता, कोणी गांवकरी त्याच्याकडे कागद घेऊन येतो, तेव्हांच दडलेली गोष्ट छापली जाते. सबब या विषयांतील कायदे दोन दृष्टींनीं तपासले पाहिजेत: छापणाऱ्याला त्यांचा आधार किती, आणि सांगणाऱ्याला किती.

या प्रश्नाचें एक जुनें उदाहरण महाराष्ट्राच्या घरचेंच आहे. १८८१ च्या जानेवारींत पुण्यास ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें निघालीं. त्या वेळीं कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते आणि संस्थानाचा कारभार रावबहादुर माधवराव बर्वे यांच्या हातीं होता. महाराजांस वेड लागल्याचें भासवून त्यांचा छळ चालला आहे, अशी वार्ता पुण्यास पोंचली व त्या वार्तेला पुष्टि देणारीं कांहीं पत्रेंहि संपादकांच्या हातीं आलीं. टिळक व आगरकर यांनीं कारभाऱ्यांवर कडक लेख लिहिले. बर्वे यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. आणि ज्या पत्रांवर भिस्त होती तींच बनावट असल्याचें खटल्यांत दिसून आलें. संपादकांनीं दिलगिरी दर्शविली, परंतु फिर्याद मागें घेतली गेली नाहीं. जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनीं या दोघांसाठीं १०,००० रुपयांचा जामीन दिला होता. फुले यांचें या मंडळींशीं सर्व बाबतींत मतैक्य नव्हतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या गोष्टीची किंमत कळते. १८८२ च्या जुलैंत दोघांस प्रत्येकीं चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबर रोजीं सुटले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनीं पुढें पुस्तकरूपानें लिहिली.

या खटल्यांतून दोन धडे निघतात. पहिला धडा संपादकासाठीं: हातीं आलेला कागद पारखल्यावांचून छापूं नये, कारण हेतु शुद्ध असला तरी खोटा कागद खरा होत नाहीं. दुसरा धडा समाजासाठीं: जेथें खरी माहिती उजळ माथ्यानें देण्याची सोय नसते, तेथें ती आडवाटेनें येते, आणि आडवाटेनें खऱ्याबरोबर खोटेंहि येतें. कोल्हापूरच्या दरबारीं सत्य जाणणारा कोणी असलाच, तरी नांवानिशीं पुढें येऊन सांगावें असें एकहि ठिकाण त्याला नव्हतें.

अब्रुनुकसानीच्या कायद्याचा गाभा तेव्हां होता तोच आज आहे. दंडविधानाचें ४९९ वें कलम जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचें ३५६ वें कलम आलें, तरी मूळ तत्त्व बदललें नाहीं. आरोप सत्य असणें एवढेंच पुरत नाहीं. तो प्रसिद्ध करणें लोकहिताचें आहे, हेंहि दाखवावें लागतें. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, वा दंड, वा दोन्ही. नव्या कायद्यानें समाजसेवेच्या शिक्षेचीहि सोय केली आहे. सरकारी नोकराच्या कामावर सद्भावनेनें मत देण्यास मोकळीक आहे. मात्र मत निराळें आणि आरोप निराळा.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेंत वर्तमानपत्रांचा स्वतंत्र उल्लेख नाहीं. १९ व्या कलमानें प्रत्येक नागरिकास भाषण व विचारप्रदर्शन यांचें जें स्वातंत्र्य दिलें आहे, त्यांतच छापण्याचेंहि स्वातंत्र्य येतें. याचा निर्णय घटना अमलांत आल्यावर चारच महिन्यांनीं झाला. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकास मद्रास सरकारनें आपल्या प्रांतांत बंदी केली होती. सर्वोच्च न्यायालयानें मे १९५० मध्यें ती रद्द केली आणि सांगितलें कीं, प्रसाराचें स्वातंत्र्य नसेल तर प्रकाशनाच्या स्वातंत्र्याला अर्थ उरत नाहीं. पुढच्याच वर्षीं पहिली घटनादुरुस्ती होऊन सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठीं वाजवी निर्बंध घालण्याची मुभा सरकारास मिळाली. तेव्हांपासून ‘वाजवी’ या एका शब्दाचा अर्थ न्यायालयें ठरवीत आलीं आहेत.

बातमी कोणाकडून मिळाली, हें सांगण्याची सक्ति संपादकावर करतां येते काय? १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या १५ व्या कलमांत एक लहानसा आधार आहे: कौन्सिलपुढील कामांत बातमीचा उगम सांगण्याची सक्ति कोणत्याहि वर्तमानपत्रावर, संपादकावर वा बातमीदारावर करतां येत नाहीं. परंतु हें कवच कौन्सिलच्या दारापर्यंतच पुरतें. न्यायालयांत तें लागू नाहीं. तेथें तसें संरक्षण असावें अशी शिफारस विधि आयोगानें १९८३ सालीं केली होती. ती कायद्यांत उतरली नाहीं.

बातमीदाराच्या देहाच्या संरक्षणासाठीं मात्र महाराष्ट्रानें एक पाऊल टाकलें. ११ जून २०११ रोजीं मुंबईंत पवई येथें ज्योतिर्मय डे या पत्रकाराचा गोळ्या घालून खून झाला, आणि आधींपासून चाललेल्या कायद्याच्या मागणीला जोर आला. एप्रिल २०१७ मध्यें विधिमंडळानें माध्यमकर्मींवरील हिंसेस आळा घालणारें विधेयक संमत केलें. राष्ट्रपतींची संमति मिळून तें २०१९ सालीं कायदा झालें. पत्रकारावर कामाच्या संबंधांत हल्ला करणारास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानें करावयाचा नाहीं. आणि नुकसानीची भरपाई हल्लेखोरानें द्यावयाची, अशीं त्यांतील मुख्य कलमें आहेत. तथापि कायदा झाला म्हणजे भय गेलें असें होत नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांत राजापूर येथें शशिकांत वारिशे या बातमीदाराच्या वाहनास मोटारीची धडक बसली व दुसऱ्या दिवशीं त्यांचा मृत्यु झाला. पोलिसांनीं तें प्रकरण खुनाचें म्हणून नोंदविलें.

हें झालें छापणाऱ्याचें. आतां सांगणाऱ्याचा विचार करूं. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्गाच्या कामावरील तरुण अभियंते होते. कामांतील गैरव्यवहार त्यांनीं पंतप्रधानांच्या कार्यालयास पत्रानें कळविला आणि आपलें नांव गुप्त ठेवावें अशी विनंति केली. तें पत्र त्यांच्या नांवासह एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत फिरलें. २७ नोव्हेंबर २००३ रोजीं गया येथें त्यांचा खून झाला. खटल्यांत हा खून लुटीसाठीं झाला असें ठरलें. परंतु विश्वासानें लिहिलेलें नांव सरकारी टपालांत उघडें पडलें, ही गोष्ट तेवढ्यानें पुसली जात नाहीं. देशभर हळहळ झाली आणि एप्रिल २००४ मध्यें केंद्र सरकारनें ठराव करून अशा तक्रारी घेण्याचें काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोंपविलें. तक्रार बंद पाकिटांतून पाठवावयाची. नांव पाकिटावर न घालतां आंतील पत्रांत लिहावयाचें. आणि आयोगानें तें फुटूं द्यावयाचें नाहीं, अशी ही व्यवस्था आहे. मात्र ती केंद्र सरकारच्या अखत्यारींतील खातीं व संस्था यांच्यापुरतीच आहे.

महाराष्ट्रांत माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ सालीं झाला व देशांत २००५ सालीं. सामान्य माणसाला सरकारी कागद मागण्याचा हक्क मिळाला, तसा तो मागणाऱ्याला धोकाहि आला. तळेगांव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनीं जमिनीच्या व्यवहारांतील घोटाळे माहितीच्या अर्जांतून बाहेर काढले होते. १३ जानेवारी २०१० रोजीं सकाळीं ते फिरावयास निघाले असतां त्यांची हत्या झाली.

अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर संसदेनें जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. ९ मे २०१४ रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. तक्रारदाराचें नांव फोडणारास तीन वर्षांपर्यंत कैद व ५०,००० रुपयांपर्यंत दंड. जाणूनबुजून खोटी तक्रार करणारास दोन वर्षांपर्यंत कैद व ३०,००० रुपयांपर्यंत दंड. आणि तक्रारीनंतर नोकरास त्रास झाला तर तो सूडानें दिलेला नाहीं हें सिद्ध करण्याचा भार खात्यावर, अशीं त्यांतील कलमें विचारपूर्वक घातलेलीं आहेत. पण कायदा अमलांत येण्याची तारीख सरकारनें ठरवावयाची होती, आणि ती आजवर ठरलेली नाहीं. २०१५ सालीं त्यांत दुरुस्ती सुचविणारें विधेयक लोकसभेनें संमत केलें; राज्यसभेंत तें अडकलें आणि २०१९ सालीं रद्दबातल झालें. मूळ कायदा पुस्तकांत छापलेला आहे; तो जागा झालेला नाहीं.

याचा अर्थ एका कल्पित उदाहरणानें समजून घ्यावा. समजा, हिंगणीस घर असलेला एक कारकून दूरच्या शहरांतील कोणत्याशा राज्य सरकारी कचेरींत नोकरीस आहे, आणि न झालेल्या कामाचें बिल झालेल्या कामाच्या नांवानें चुकतें झाल्याचें त्याच्या दृष्टीस पडलें. वरिष्ठांस सांगावें, तर त्या बिलावर वरिष्ठांचीच सही. वर्तमानपत्रास सांगावें, तर संपादकानें कितीहि मौन पाळलें तरी त्या टेबलावरून तो कागद जाणारे लोक मिळून तिघेच. नांव न छापतांहि नांव फुटतें. मग दूरची बदली होते, खातेचौकशी लागते, गोपनीय शेरा खराब होतो. आणि हिंगणीस आईबापांच्या कानीं एवढेंच येतें कीं, मुलगा कांहीं भानगडींत सांपडला. लहान वर्तुळांत गुप्ततेचें वचन फार काळ टिकत नाहीं. म्हणून खरें संरक्षण नांव झांकण्यांत नसून, नांव उघड झाल्यावरहि त्या माणसाची नोकरी, पगार व अब्रू शाबूत राखण्यांत आहे.

ही अडचण ज्या देशास फार जाणवावी असा एक देश युरोपच्या उत्तरेस आहे. आइसलंडची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. २०११ च्या खानेसुमारींत एकट्या वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख होती. इतक्या लहान देशांत कोण कोणाचा आप्त हें बहुतेकांस ठाऊक असतें. २००८ च्या ऑक्टोबरांत तेथील तीन मोठ्या बँका एका आठवड्याच्या आंत बुडाल्या. पुढील वर्षीं त्यांपैकीं एका बँकेच्या कर्जांचे कागद फुटले, तेव्हां ती बातमी सांगूं नये असा मनाई हुकूम राष्ट्रीय चित्रवाणीवर बजावण्यांत आला. निवेदकानें हुकूम पाळला. परंतु बातमीऐवजीं, ते कागद ज्या ठिकाणीं उघड ठेवलेले होते त्या ठिकाणाचें नांव त्यानें लोकांस सांगितलें. १६ जून २०१० रोजीं तेथील संसदेनें, एकहि विरुद्ध मत न पडतां, माहितीच्या व मुद्रणाच्या स्वातंत्र्याचे उत्तम कायदे करण्याचा ठराव केला. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा व्हावयास मात्र दहा वर्षें लागलीं. तो २०२० सालीं होऊन १ जानेवारी २०२१ पासून अमलांत आला. त्या कायद्यानें सद्भावनेनें माहिती देणाऱ्या नोकरास शिक्षा करण्यास मालकास मनाई आहे. त्रास दिसून आला तर त्याचें कारण निराळें होतें हें मालकानें सिद्ध करावयाचें. आणि आंतल्या आंत सांगून उपयोग झाला नाहीं, तर वर्तमानपत्राकडे जाण्याचीहि वाट मोकळी आहे.

या दोन कायद्यांची तुलना केली तर भारताचा कायदा अगदींच उणा ठरत नाहीं. पुराव्याचा भार बलिष्ठ पक्षावर टाकण्याचें तत्त्व दोन्हींत आहे. अंतर दोन गोष्टींचें आहे. आइसलंडचा कायदा चालू आहे, भारताचा चालू झालेला नाहीं. आणि भारताच्या कायद्यांत फक्त नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाणाऱ्यास आसरा आहे, वर्तमानपत्राकडे जाणाऱ्यास नाहीं. म्हणजे कायदा उद्यां अमलांत आला तरी संपादकाला माहिती देणारा कारकून उघड्यावरच राहील.

जागल्याची प्रत्येक आरोळी खरीच असते असें नाहीं. कोल्हापूर प्रकरणांत खोट्या कागदांनीं दोन प्रामाणिक संपादकांस तुरुंग दाखविला आणि एका कारभाऱ्यावर नाहक बालंट आणलें. खोट्या तक्रारीस शिक्षा असावी हें म्हणूनच रास्त आहे. परंतु खोट्याच्या भयानें खऱ्याचें तोंड बांधावयाचें नसेल, तर तक्रार ऐकणारें ठिकाण, चौकशीची ठरलेली रीत आणि सांगणाऱ्याच्या पोटाची हमी या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. त्यांतील पहिल्या दोन सरकारनें करावयाच्या आहेत. तिसरीस सरकारइतकाच शेजारहि लागतो. हिंगणीच्या त्या कल्पित कारकुनाच्या घरीं, बदलीची बातमी आल्यावर, गांवांतलीं चार माणसें पूर्वीसारखींच चहाला जातात कीं वाट वांकडी करतात, यावर पुढचा मनुष्य तोंड उघडील कीं नाहीं हें पुष्कळसें अवलंबून राहील.