बायोडेटातला रक्तगट आणि तांबडी पेशी

मंडळाच्या वधू-वर सूचीसाठी येणारे बायोडेटा गेली तीन वर्षं माझ्या हाताखालून जातात. उंची, शिक्षण, गोत्र, रास, गण, नाडी आणि शेवटी न चुकता रक्तगट. दोघांचा रक्तगट एकच निघाला की कुणाचा तरी फोन येतोच, ‘ताई, काही अडचण तर नाही ना?’ अजिबात नाही. नवरा-बायको दोघंही ओ पॉझिटिव्ह असले तर काहीही बिघडत नाही. मुलगी आरएच निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल, तर गरोदरपणी डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगावं. त्यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे आणि ते वेळेवर घेतलं की झालं. त्यासाठी स्थळ नाकारायचं कारण नाही.

रक्तगट म्हणजे तांबड्या पेशीच्या बाहेरच्या पटलावरची खूण, घराच्या दारावरची पाटी म्हणा. लग्नाच्या दृष्टीने बघण्यासारखं जे आहे ते घराच्या आत आहे, आणि ते बायोडेटात कुणीच लिहीत नाही. मी बत्तीस वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. त्यातला बहुतेक वेळ याच पेशीच्या सहवासात गेला, म्हणून तिच्याबद्दल सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे असं समजते.

शाळेच्या पुस्तकातलं पेशीचं चित्र सगळ्यांना आठवत असेल. बाहेर पेशीपटल, आत पेशीद्रव्य, मधोमध केंद्रक, इकडेतिकडे मायटोकाँड्रिया, रायबोसोम आणि प्रत्येकाला पट्टीने ओढलेली रेघ. केंद्रकात डीएनए, म्हणजे कोणती प्रथिनं कशी बनवायची याची सगळी माहिती. रायबोसोमवर ती प्रथिनं बनतात आणि मायटोकाँड्रियात प्राणवायू वापरून ऊर्जा तयार होते. परीक्षेत हे चित्र काढून आपण गुण मिळवले, पण आपल्या अंगात संख्येने सगळ्यात जास्त असलेली पेशी या चित्रासारखी दिसतच नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात आणि त्यांतल्या एकीलाही केंद्रक नसतं.

जन्माला येताना मात्र असतं. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत ही पेशी तयार होते, तेव्हा तिच्याकडे चित्रातलं सगळं सामान असतं. मग ती हिमोग्लोबिन बनवायला लागते, एकसारखी बनवतच राहते, आणि पुरेसं भरत आलं की आपलं केंद्रक चक्क बाहेर टाकून देते. मज्जेतल्याच दुसऱ्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. रक्तात उतरल्यावर दिवस-दोन दिवसांत उरलेसुरले रायबोसोम आणि मायटोकाँड्रियाही जातात. राहते ती एक लवचीक पिशवी आणि तिच्यात जवळजवळ २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू. (बेडकाच्या किंवा कोंबडीच्या रक्ताची काच बघितली तर तिथल्या तांबड्या पेशींत केंद्रक स्पष्ट दिसतं. ते टाकून देण्याची रीत आपली, म्हणजे सस्तन प्राण्यांची.)

या त्यागाचा फायदा मोठा आहे. एक तर जागा होते. दुसरं म्हणजे पेशी दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारखी चपटी होऊ शकते. तेवढ्याच आकारमानाच्या गोळ्यापेक्षा तिचा पृष्ठभाग बराच जास्त असतो, त्यामुळे प्राणवायूची देवघेव झटपट होते. तिची रुंदी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग घेऊन त्याच्या सात-आठ पट. केशवाहिन्या कित्येकदा याहून अरुंद असतात. तिथून ती अंग दुमडून जाते आणि पलीकडे पुन्हा पेढ्यासारखी होते. आणि मायटोकाँड्रिया नसल्यामुळे ती स्वतः प्राणवायू खर्चच करत नाही. थोड्याशा साखरेवर, प्राणवायूविना, आपली गरज भागवते. कुंपणानेच शेत खाऊ नये याची अशी चोख व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

किंमतही तशीच मोजावी लागते. केंद्रक गेलं म्हणजे कृती लिहिलेली वही गेली. एखादं प्रथिन झिजलं तरी ते पुन्हा बनवता येत नाही, दुरुस्ती नाही. साधारण १२० दिवसांत पटल ताठर होतं. मग प्लीहेच्या अगदी बारीक फटींतून सरकताना जिला दुमडता येत नाही ती अडकते आणि तिथल्या भक्षक पेशी तिला मोडीत काढतात. लोह वेगळं काढून मज्जेकडे परत जातं. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह असं फिरवून वापरलं जातं आणि जेवणातून आपण जेमतेम एक-दोन मिलिग्रॅमच शोषतो. हिमोग्लोबिनमधला लोह सोडून उरलेला रंग पिवळा पडतो, त्याला बिलिरुबिन म्हणतात. गुडघ्यावरचा मार आधी निळा, मग हिरवा, मग पिवळा होतो तो याच मोडतोडीमुळे. मोडलेल्यांची भरपाई म्हणून मज्जा दर सेकंदाला वीस लाखांवर नव्या पेशी सोडते.

आता आपल्या घरोघरी असलेल्या कागदाकडे वळू. मधुमेह असलेल्यांना दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करायला सांगतात. तीनच महिने का? तर रक्तातली साखर तांबड्या पेशीत सहज शिरते आणि हिमोग्लोबिनला चिकटते. चिकटलेली साखर त्या पेशीच्या मरणापर्यंत तशीच राहते. पेशीचं आयुष्य चार महिन्यांचं, म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. आदल्या दिवशी श्रीखंड टाळून तो फसत नाही. पण पेशीचं आयुष्यच कमी झालं असेल, उदाहरणार्थ सिकलसेल असेल किंवा नुकताच बराच रक्तस्राव झाला असेल, तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा उगाच चांगला दिसतो. लोहाच्या कमतरतेत उलट होतं, तो थोडा वाढलेला दिसू शकतो. रोजच्या साखरेचे आकडे आणि एचबीए१सी यांचा मेळ बसत नसेल तर डॉक्टरांना हे जरूर विचारा.

दुसरा कागद सीबीसीचा. त्यात सगळ्यांची नजर हिमोग्लोबिनवर जाते आणि तिथेच थांबते. माझी विनंती आहे की चार ओळी खाली उतरून एमसीव्ही बघा. तांबडी पेशी सरासरी केवढी आहे हे तो आकडा सांगतो. ८० ते १०० ठीक. शंभराच्या वर गेला तर पेशी फुगलेल्या, त्यामागे बऱ्याचदा बी-१२ किंवा फोलिक ॲसिडची कमतरता असते. शाकाहारी घरांत बी-१२ फार वेळा कमी निघतं. ८०च्या खाली गेला तर पेशी लहान, आणि मग लोह कमी आहे असं धरून गोळ्या सुरू होतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

पण नेहमी नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं सांगते. शाळेपासून हिमोग्लोबिन दहाच्या आसपास. लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे, बीट, खजूर, लोखंडी कढई, सगळं झालं, आकडा हलेना. ‘खात नाही नीट’ हे बोलणं तिने वर्षानुवर्षं ऐकलं. साखरपुडा ठरला त्या सुमारास तिचा रिपोर्ट माझ्या हाती आला. हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही ६४ आणि तांबड्या पेशींची संख्या ५६ लाख. लोह खरंच कमी असेल तर कच्चा मालच नाही म्हणून पेशी लहान होतात आणि संख्याही सहसा कमीच राहते. इथे पेशी लहान, पण संख्या भरपूर. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने (दहा लाखांत मोजून) भागायचं, ६४ भागिले ५.६, उत्तर आलं ११.४. तेराच्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा, असा लॅबमधला जुना ठोकताळा आहे. तो केवळ ठोकताळा. निदान होतं ते एचपीएलसी नावाच्या तपासणीत, एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांवर निघाला म्हणजे. तिचा ५.२ निघाला.

थॅलेसेमिया मायनर म्हणजे आजार नव्हे. हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळीचं जनुक आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक मिळतं. त्यातलं एक अधू असलं तर माल कमी तयार होतो, म्हणून डबे लहान आणि संख्येने जास्त. असा माणूस धडधाकट जगतो, बहुतेकांना कधी कळतही नाही. भारतात साधारण शंभरात तीन-चार जण असे वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, बंगाली आणि गुजरातेतल्या लोहाणा समाजात प्रमाण जास्त, पण मराठी घरं यातून सुटलेली नाहीत. शिवाय आपल्या इंदूरमध्ये मुलांची लग्नं आता मराठी घरांतच होतात असंही नाही, आणि त्यात वाईट काही नाही.

प्रश्न येतो तो दोघंही वाहक असले तर. मग प्रत्येक गरोदरपणी चारात एक शक्यता, की बाळाला दोन्ही जनुकं अधू मिळतील. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्या वेळी ही शक्यता कमी होत नाही. असं बाळ जन्मताना ठणठणीत असतं, कारण गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळी नसतेच. सहा महिन्यांनंतर ते फिकट पडायला लागतं. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, त्यातून साठणारं लोह काढायला रोज औषध घ्यायचं, आणि हे आयुष्यभर. ही मुलं रक्त घ्यायला येत तेव्हा सुई टोचायला हात स्वतःहून पुढे करत. एवढं लिहून पुढे जाते.

त्या मुलीच्या आईने मला पहिलं काय सांगितलं असेल? ‘कुणाला बोलू नकोस, लग्न मोडेल.’ मला तिचा राग आला नाही. पण मी मुलीशी बोलले, मुलगी मुलाशी बोलली. त्याने दुसऱ्याच दिवशी स्वतःची तपासणी करून घेतली. एचबीए२ २.६, म्हणजे वाहक नाही. विषय संपला, दिवाळीनंतर लग्न झालं. एक वाहक आणि एक नाही, अशा जोडप्याला थॅलेसेमिया मेजरचं मूल होत नाही. मुलं वाहक होऊ शकतात, एवढंच. आणि दोघंही वाहक निघाले तरी लग्न मोडायलाच हवं असं नाही. गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा अंश तपासून बाळाचं काय ते कळतं. सायप्रसमध्ये १९७०च्या दशकापासून लग्नाआधी ही तपासणी रूढ झाली आणि तिथे थॅलेसेमिया मेजरची बाळं जन्मणं जवळजवळ थांबलं. लग्नं थांबली नाहीत.

एचपीएलसीमध्ये सिकलसेलही कळतं, ते आपल्या भागासाठी महत्त्वाचं. झाबुआ, आलीराजपूरकडून येणाऱ्या रुग्णांच्या काचांवर ते मी पुष्कळ बघितलं. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटॅमिक ॲसिडच्या ठिकाणी व्हॅलिन. एवढ्यावर प्राणवायू सोडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे दोर होतात आणि पेढ्याचा विळा होतो. विळा दुमडत नाही. तो केशवाहिनीत अडकतो, हातापायांत असह्य कळा येतात आणि १२० दिवसांची पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ती मुख्यतः आदिवासी भागांसाठी आहे. पण विदर्भात हा दोष आदिवासींखेरीज इतर समाजांतही आढळतो, आणि आपल्यापैकी कितीतरी घरांचं माहेर-सासर विदर्भात आहे. एकाला सिकलसेलचं जनुक आणि दुसऱ्याला थॅलेसेमियाचं, अशी जोडी असली तरी मूल गंभीर आजारी होऊ शकतं. म्हणून तपासणी दोन्हीची हवी.

नव्या फॉर्ममध्ये रक्तगटाच्या खाली ‘एचबीए२ तपासणी झाली आहे का’ असा एक रकाना घालावा, हे मी मंडळाच्या कार्यकारिणीला लिहून दिलं आहे. उत्तर फक्त हो किंवा नाही. निकाल जाहीर मागायचा नाही, तो मुला-मुलीने एकमेकांना सांगायचा.

तपासणीचं म्हणाल तर जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरतं आणि उपाशीपोटी जायची गरज नाही. आयुष्यात एकदाच करावी लागते, त्यामुळे कॉलेजात असताना झाली तरी चालते. सोबत सीबीसी करून घ्या. लोह फार कमी असेल तर एचबीए२ खोटा कमी दिसू शकतो, म्हणून डॉक्टर आधी फेरिटिन बघायला सांगतील. आणि नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर तीन-चार महिने थांबा, तोवर नळीत रक्तदात्याच्या पेशीही येतात.