जुन्या विंडोजमधले नको असलेले ॲप: काय काढायचं, आणि कशाला हातही लावायचा नाही?

सोलापुरात नवी पेठेतलं कापडाचं दुकान असो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला चादर-टॉवेलचा कारखाना असो किंवा गल्लीतलं आपले सरकार सेवा केंद्र. टेबलावर सात-आठ वर्षं जुना एक कॉम्प्युटर हमखास दिसतो. त्यात विंडोज १०. सकाळी बटण दाबायचं, चहा सांगायचा, आणि चहा संपला की मग कुठे टॅली उघडते.

स्टार्टचं बटण दाबलं की समोर काय येतं? कँडी क्रश, एक्सबॉक्स, स्काईप, थ्रीडी व्ह्यूअर, मिक्स्ड रिॲलिटी पोर्टल. यातलं काहीच मालकाने मागवलेलं नसतं.

मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतं: ‘एका क्लिकमध्ये विंडोज सुपरफास्ट’. क्लिक होतं, कॉम्प्युटर जरा हलका वाटतो. आणि दुसऱ्या दिवशी कळतं की डिजिटल सही चालत नाही, किंवा आधारचं बोटाचं मशीन ओळखलंच जात नाही. बाहेर दाखल्यासाठी रांग लागलेली असते.

हे टाळता येतं. त्यासाठी नको असलेलं काय आणि गरजेचं काय, एवढा फरक कळायला हवा.

हे ॲप आले कुठून?

आपण न मागता कॉम्प्युटरमध्ये आधीपासून बसलेल्या अशा सॉफ्टवेअरला ‘ब्लोटवेअर’ म्हणतात. ते तीन वाटांनी येतं.

पहिली वाट खुद्द मायक्रोसॉफ्टची. विंडोज १० सोबत येणारे गेम, हवामान, स्काईप वगैरे ॲप याच गटातले. दुसरी वाट लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची. काही दिवसांचा ट्रायल अँटिव्हायरस आणि कंपनीची स्वतःची टूल्स यातून येतात. तिसरी वाट आपलीच. कुठलंतरी फुकट सॉफ्टवेअर घेताना घाईघाईत ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबलं की त्याच्यासोबत टूलबार आणि ‘पीसी क्लीनर’ही येऊन बसतात.

बहुतेक वेळा हे सगळं फक्त अडगळ असतं. पण नेहमीच नाही. सप्टेंबर २०१४ पासून काही महिने लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचं सॉफ्टवेअर आधीच टाकलेलं होतं. ते वेबसाइटवर जाहिराती घुसवायचं आणि त्यासाठी सुरक्षित, म्हणजे कुलपाचं चिन्ह असलेल्या वेबसाइटच्याही मध्ये शिरायचं. त्यामुळे बँकेच्या व्यवहारांनाही धोका होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झालं, अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने इशारा दिला आणि लेनोवोलाच ते काढून टाकणारं टूल द्यावं लागलं.

काढता का येत नाही? वाद जुनाच

विंडोजमधल्या काही ॲपसमोर ‘अनइन्स्टॉल’चं बटण फिकट दिसतं, दाबलं जात नाही. हा वाद पंचवीस वर्षांहून जुना आहे.

मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. मुख्य मुद्दा होता विंडोजला चिकटवलेल्या इंटरनेट एक्सप्लोररचा. कंपनीचं म्हणणं होतं की हा ब्राउझर विंडोजचाच भाग आहे, तो वेगळा काढता येणार नाही. त्यावर प्रिन्स्टन विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फेल्टन यांनी सरकारच्या बाजूने तो वेगळा करणारा प्रोग्रॅमच तयार करून दाखवला. पुढे तडजोड झाली आणि २००२ मध्ये विंडोज एक्सपीत एक सोय आली. पण तिने ब्राउझर निघत नव्हता, फक्त त्याचा आयकॉन लपत होता.

युरोपने जास्त ताणून धरलं. मार्च २००४ मध्ये युरोपियन कमिशनने मीडिया प्लेअर विंडोजला जोडल्याच्या मुद्द्यासह मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोचा दंड केला. त्याचा परिणाम आजही दिसतो. डिजिटल मार्केट्स ॲक्ट या कायद्यामुळे २०२४ पासून युरोपातल्या लोकांना विंडोजमधून एज ब्राउझर अनइन्स्टॉल करता येतो. सोलापुरातल्या त्याच विंडोजवर मात्र ते बटण फिकटच राहतं.

भारतात असा मोठा निकाल आला तो मोबाइलबाबत. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि आधीपासून असलेले ॲप लोकांना काढू द्या, असंही सांगितलं. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड कायम राहिला, पण ॲप काढू देण्याचा आदेश रद्द झाला.

ॲप काढले की कॉम्प्युटर फास्ट होतो का?

थोडाफार. पण व्हिडिओत दाखवतात तेवढा नाही.

न उघडलेला कँडी क्रश हार्ड डिस्कवर जागा अडवतो, पण तो कॉम्प्युटर सतत हळू करत नाही. खरा भार टाकतात ती कॉम्प्युटर चालू होताच आपोआप सुरू होणारी सॉफ्टवेअर. म्हणून सुरुवात तिथून करावी.

खालच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘टास्क मॅनेजर’ उघडा आणि ‘स्टार्टअप’वर जा. ज्यांच्यासमोर ‘हाय’ लिहिलंय आणि ज्यांची सकाळी सकाळी गरज नाही, त्यांना ‘डिसेबल’ करा. इथे काहीच डिलीट होत नाही. चूक झाली तर पुन्हा ‘एनेबल’ करता येतं.

आणखी एक गोष्ट. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्यात मागाजवळच्या कॉम्प्युटरच्या पंख्यात सुताचे तंतू आणि धूळ अडकली की आतला प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. अशा वेळी दहा ॲप काढण्यापेक्षा डबा उघडून केलेली सफाई जास्त कामाची. जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवली तर फरक लगेच जाणवतो.

बिनधास्त काय काढता येतं?

‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲप्स’ उघडा. नावावर क्लिक केलं की ‘अनइन्स्टॉल’ दिसतं. हे काढायला हरकत नाही:

- कँडी क्रश, सॉलिटेअर आणि इतर गेम
- स्काईप (ही सेवाच मे २०२५ मध्ये बंद झाली)
- थ्रीडी व्ह्यूअर, पेंट थ्रीडी, मिक्स्ड रिॲलिटी पोर्टल
- मुदत संपलेला ट्रायल अँटिव्हायरस
- आपण न मागितलेले टूलबार, ‘क्लीनर’ आणि ‘बूस्टर’

एकेक करून काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, रोजचं काम चालतंय ना ते पाहा, मगच पुढचं. नवीन ॲप सुचवणंही बंद करता येतं. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘पर्सनलायझेशन’, त्यात ‘स्टार्ट’, आणि तिथलं सजेशन्सचं बटण बंद.

वनड्राइव्ह काढण्याआधी थांबा

वनड्राइव्ह अनइन्स्टॉल होतं, पण इथेच अनेकांची फसगत होते. त्याचा बॅकअप चालू असेल तर तुमचं ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेलेलं असतं. ज्या फाइलवर ढगाचं चिन्ह आहे, ती कॉम्प्युटरमध्ये नसते. ती फक्त इंटरनेटवर असते. वनड्राइव्ह काढलं की फाइल गायब झाल्यासारखं वाटतं. त्या ऑनलाइन सुरक्षित असतात, पण जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी हे कळणं परवडत नाही. म्हणून आधी सगळ्या फाइल कॉम्प्युटरवर उतरवा, बॅकअप बंद करा, पेन ड्राइव्हवर एक कॉपी ठेवा. मग निर्णय घ्या.

कशाला हात लावायचा नाही?

नाव ओळखीचं नाही म्हणून काढून टाकणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. हे जसंच्या तसं राहू द्या:

- ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ आणि ‘डॉट नेट’ नावाच्या नोंदी. एकाच नावाच्या चार-पाच दिसतात, पण वेगवेगळ्या सॉफ्टवेअरला वेगवेगळी आवृत्ती लागते.
- ‘वेबव्ह्यू’. अनेक ॲप आतून यावरच चालतात.
- प्रिंटर, स्कॅनर, साउंड आणि डिस्प्लेचे ड्रायव्हर
- डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर
- बोटाच्या मशीनची ‘आरडी सर्व्हिस’. ती बंद झाली की आधारची पडताळणी थांबते.
- मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि फॉन्ट. श्रीलिपीत केलेली जुनी पत्रं फॉन्ट गेला की वाचता येत नाहीत.
- विंडोज डिफेंडर आणि विंडोज अपडेट

शेवटच्या दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या, कारण ‘एका क्लिकवाली’ अनेक टूल्स वेग वाढवण्याच्या नावाखाली नेमकं यांनाच बंद करतात. अशा टूलला ‘ॲडमिन’ परवानगी दिली की ते कॉम्प्युटरमध्ये काहीही बदलू शकतं. बाजारात मिळणाऱ्या ‘लाइट’ विंडोजचंही तसंच. ती मायक्रोसॉफ्टने बनवलेली नसते. त्यातून काय काढलंय आणि आत काय टाकलंय, हे फॉरमॅट मारून देणाऱ्यालाही माहीत नसतं.

सफाई झाली, पण सुरक्षेचं काय?

नको असलेले ॲप काढल्याने कॉम्प्युटर नीटनेटका होतो, सुरक्षित होत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर सापडलेल्या त्रुटींची दुरुस्ती या कॉम्प्युटरला आपोआप मिळत नाही.

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर ३० डॉलर किंवा १,००० रिवॉर्ड पॉइंट. नोंदणीचा पर्याय ‘विंडोज अपडेट’मध्येच दिसतो, म्हणून ही नोंदणी आधी आणि वनड्राइव्हची सफाई नंतर. कंपन्यांसाठी योजना वेगळी आहे: पहिल्या वर्षी प्रत्येक कॉम्प्युटरमागे ६१ डॉलर आणि दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं.

विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा. त्याआधीच्या कॉम्प्युटरला ती वाट बंद आहे. ज्याचा उपयोग फक्त इंटरनेट आणि टायपिंगपुरता आहे, त्यावर फुकट मिळणारं लिनक्स टाकता येतं. पण टॅली, टोकन किंवा बोटाचं मशीन जोडलेलं असेल तर ते त्यावर चालतं का, हे आधी विचारून घ्या.

घरच्या कॉम्प्युटरवर चूक झाली तर नुकसान आपलं. सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर मात्र शेकडो लोकांचे आधार, उत्पन्नाचे दाखले आणि सातबारे असतात. त्यामुळे तिथे क्रम ठरलेला हवा: आधी डेटाची कॉपी, मग अपडेटची सोय, मग स्टार्टअपची छाटणी आणि सगळ्यात शेवटी ॲप काढणं. कँडी क्रश आणखी आठवडाभर राहिला तरी काही बिघडत नाही.