निकालाच्या दिवशी नेमके काय मोजले जाते?

मे महिन्यातील नागपूर. बाहेर पारा ४५ अंशांकडे सरकत असतो. घरात कूलर घरघरत असतो आणि दहावीचा निकाल दुपारी लागणार असतो. कूलरच्या गार झोतात बसलेल्या विद्यार्थ्याचे कपाळ कोरडे आहे, पण तळहात मात्र ओले! हा घाम उन्हाचा की निकालाचा?

विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाला शरीरविज्ञानात स्पष्ट उत्तर आहे. उष्णतेमुळे येणारा घाम प्रामुख्याने कपाळ, छाती आणि पाठ यांवर येतो. तो वाळताना शरीर थंड होते. तळहात आणि तळपाय यांवरील घर्मग्रंथी मात्र भीती, उत्कंठा यांसारख्या भावनांना अधिक प्रतिसाद देतात. म्हणजे हा घाम निकालाचाच!

पोटात गोळा का येतो?

संकटाची चाहूल लागली की मेंदूकडून चेतातंतूंमार्फत संदेश सुटतात. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. हृदय जोराने धडधडू लागते, श्वास जलद होतो. स्नायूंना जास्त रक्त मिळते व पचनसंस्थेचा पुरवठा कमी होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या जठराच्या हालचाली पाहत होते. मांजर बिथरले की त्या हालचाली थांबतात, असे त्यांना आढळले. ‘पोटात गोळा आला’ असे आपण म्हणतो, त्यामागे असे शारीरिक कारण आहे.

वाघ समोर आला तर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी ही तयारी उपयोगी आहे. निकाल पाहताना ना लढायचे असते, ना पळायचे. शरीराला मात्र हा फरक कळत नाही. म्हणून छातीतील धडधड हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे. ते निरोगी शरीराचे काम आहे.

मोजपट्टी बदलली तर?

आता ज्या आकड्यासाठी ही धडधड, त्या आकड्याकडे वळू. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे राज्य मंडळाच्या नागपूर विभागात येतात. मार्च २०१९ च्या परीक्षेत या विभागाचा दहावीचा निकाल ६७.२७ टक्के लागला. दर १०० मुलांमागे सुमारे ३३ जणांना अपयश आले. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, याच विभागाचा निकाल ९३.८४ टक्के झाला! संपूर्ण राज्याचा निकालही ७७.१० वरून ९५.३० टक्क्यांवर गेला.

एका वर्षात मुलांची बुद्धी इतकी वाढली काय? अर्थातच नाही. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता, शिवाय भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांच्या तोंडी परीक्षेचे किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे गुण बंद केले होते. २०२० मध्ये हे गुण पुन्हा सुरू झाले. त्या वर्षी करोनाच्या साथीमुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले गेले. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण व दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल लावला, तो राज्यात ९९.९५ टक्के लागला.

मुले तशीच होती. मोजपट्टी बदलली होती. २०१९ साली अनुत्तीर्ण ठरलेल्या कितीतरी मुलांनी तो शिक्का स्वतःच्या बुद्धीवरचा समजला असेल. पण गुण हे मूल आणि मोजपट्टी या दोहोंवर अवलंबून असतात.

दोन परीक्षक, दोन गुण

मोजपट्टी तीच ठेवली तरी मोजणारे हात बदलतात. १९१२ मध्ये स्टार्च आणि इलियट या अमेरिकन संशोधकांनी इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासण्यास पाठवल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कोणी १०० पैकी ५० च्या आसपास गुण दिले, तर कोणी ९५ हून अधिक! भूमितीत तरी असे होणार नाही, असे तुम्हाला वाटेल. पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली, तेव्हा तफावत त्याहूनही मोठी निघाली. एक शिक्षक पायऱ्यांना गुण देतो, दुसरा फक्त उत्तर पाहतो.

हा फरक कमी व्हावा म्हणूनच मंडळ नमुना उत्तरे ठरवते आणि नियामकांकडून फेरतपासणी करवते. त्याने फरक घटतो, शून्य होत नाही. वखारीतल्या काट्यावर सोन्याची अंगठी तोलता येत नाही. त्याचप्रमाणे ८९.८ आणि ९०.२ टक्के मिळवणाऱ्या दोघांपैकी हुशार कोण, हे गुणपत्रिकेवरून ठरवता येत नाही. ३४ आणि ३५ यांतील फरकही तेवढाच. फक्त उत्तीर्णतेची रेषा नेमकी त्यांच्यामधून जाते.

शास्त्रज्ञाला मापाबद्दल शंका आली तर तो पुन्हा मोजतो. तुम्हालाही तशी सोय आहे. गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. २०१५ पासून अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षाही होते. निकालाचा आकडा मनाला फार लागला, तर तो एकट्याने सोसत बसू नका. आईवडिलांशी, शिक्षकांशी त्याच दिवशी बोला.

करून पाहा

एका निबंधाच्या पाच प्रती काढा. वरचे नाव झाका. पाच शिक्षकांना, एकमेकांशी न बोलता, १० पैकी गुण देण्याची विनंती करा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुणांमधील फरक काढा. मग नमुना उत्तर ठरवून, दुसऱ्या निबंधावर हाच प्रयोग करा. फरक किती घटला, हे वहीत नोंदवा आणि पुढच्या निकालाच्या वेळी ती वही जवळ असू द्या.